थोमाचे आठ दिवस

माणसाच्या सबंध आयुष्यांतील एखादीच घटका लोकांच्या स्मरणांत राहते आणि तिच्यावरून त्याचें कायमचें नांव पडून जातें. धर्मराजानें जन्मभर सत्य पाळलें; परंतु द्रोणवधाच्या वेळीं त्याच्या तोंडून निघालेलें अर्धवट वाक्य सर्वांस ठाऊक असतें, आणि ज्यांस महाभारतांतील दुसरें फारसें कांहीं आठवत नाहीं तेही तेवढ्यावरून त्यास बोल लावण्यास मागेंपुढें पाहत नाहींत. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकीं थोमा याच्या वांट्यास हेंच दैव आलें. आपला गुरु मरणांतून उठला ही वार्ता सोबत्यांनीं सांगितली, तेव्हां तो म्हणाला कीं डोळ्यांनीं पाहिल्यावांचून आणि हातानें चांचपल्यावांचून आपण हें मानणार नाहीं. तेवढ्यावर गेलीं जवळजवळ दोन हजार वर्षें त्याच्या नांवामागें 'संशयी' हें विशेषण चिकटलें आहे. इंग्रजी भाषेंत तर कोणाही शंकेखोर माणसास त्याचेंच नांव देण्याची रूढी पडली आहे.

आम्ही ख्रिस्ती नव्हों. परंतु या पुरुषाविषयीं आम्हांस फार दिवस जिव्हाळा वाटत आला आहे, आणि तो कां, हें आज थोडें मोकळेपणानें सांगावें असें मनांत आहे.

चार शुभवर्तमानांपैकीं पहिल्या तिहींत थोमाचें नांव केवळ बारा जणांच्या यादींत येतें. तो बोलतो तो एकट्या योहानाच्या शुभवर्तमानांत, आणि तोही मोजक्या तीन प्रसंगीं. 'थोमा' हें वस्तुतः विशेषनामही नव्हे. अरामी भाषेंत त्याचा अर्थ 'जुळा' असा आहे, आणि ग्रीक भाषेंत त्यास 'दिदुम' म्हणतात त्याचाही अर्थ तोच. हा कोणाचा जुळा, हें योहान सांगत नाहीं. परंतु तीन प्रसंगांतून माणूस मात्र पुरता ओळखूं येतो.

पहिला प्रसंग बेथानीचा. लाजर नांवाचा स्नेही मरण पावला होता, आणि त्याच्या घरीं जावयाचें म्हणजे यहूदियांत जावयाचें. तेथें थोड्याच दिवसांपूर्वीं लोक येशूवर दगड घेऊन उठले होते. शिष्य कांकूं करूं लागले. तेव्हां थोमाच सोबत्यांस म्हणाला कीं, चला, आपणही जाऊं आणि याच्याबरोबर मरूं. ज्यास जग भित्रा संशयी समजतें त्याचें शुभवर्तमानांतील पहिलें बोलणें हें असें आहे! दुसरा प्रसंग शेवटच्या भोजनाच्या रात्रींचा. आपण पुढें जात आहों आणि त्या ठिकाणची वाट तुम्हांस ठाऊक आहे, असें गुरु म्हणाला. सारे गप्प होते. वर्गांत गुरुजींनीं 'समजलें ना?' असें विचारलें म्हणजे सगळीं मुलें माना डोलावतात, आणि समजलें नाहीं म्हणणारें एखादेंच निघतें. तें मूल येथें थोमा होता. तो म्हणाला, आपण कोठें जातां हेंच आम्हांस ठाऊक नाहीं, मग वाट कशी ठाऊक असणार? या वाटेच्या प्रश्नाकडे आम्हांस पुढें पुन्हा वळावयाचें आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

तिसरा प्रसंग सर्वश्रुत आहे. परंतु त्यांतील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाहीं. एक अशी कीं, थोमानें इतरांहून अधिक कांहीं मागितलें नाहीं. पहिल्या संध्याकाळीं तो घरीं नव्हता. जे दहा जण होते त्यांस येशूनें आपले हात आणि कूस दाखविली होती. त्याच्याही आधीं स्त्रियांनीं थडग्याकडून आणलेली बातमी याच मंडळीनें वायफळ समजून उडवून लावली होती, असें लूक सांगतो. म्हणजे दहांस मिळालें तेवढेंच अकराव्यानें मागितलें, आणि संशयी हें नांव मात्र एकट्याच्या कपाळीं आलें.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची वाटते. येशू पुन्हा आला तो आठ दिवसांनीं, आणि तेव्हां थोमा त्या खोलींत इतरांबरोबर होता. या आठ दिवसांविषयीं योहान एक अक्षरही लिहीत नाहीं. दहा जण आनंदांत, आणि त्यांच्याच पंक्तीस बसलेला एक जण म्हणतो कीं मला हें पटत नाहीं! अशा माणसाबरोबर आठ दिवस एका छपराखालीं काढणें किती कठीण, हें ज्यांच्या घरांत मतभेद आहेत त्यांस सांगावयास नको. तथापि त्यांनीं त्यास बाहेर घातलें नाहीं, आणि तोही रागावून निघून गेला नाहीं. गुरु आला तेव्हां त्यानें थोमाचें मागणें थोमाच्याच शब्दांत त्याच्यापुढें ठेवलें. थोमानें प्रत्यक्ष बोट लावलें कीं नाहीं हें शुभवर्तमानांत नाहीं. कॅराव्हॅज्जो या इटालियन चित्रकारानें १६०२ च्या सुमारास काढलेल्या चित्रांत तें बोट जखमेच्या आंत गेलेलें दिसतें, आणि तें चित्र इतकें प्रभावी आहे कीं लोक त्यालाच मूळ कथा समजून चालतात. मूळांत स्पर्शाचा उल्लेखच नाहीं. त्यास आपला प्रभु आणि आपला देव म्हणणारी थोमाची कबुली तेवढी आहे.

गीतेच्या चौथ्या अध्यायांत संशयी पुरुषाविषयीं फार कडक निकाल दिलेला आहे, आणि आमच्या आजोबांस तो पाठ होता. आम्ही कांहीं विचारूं लागलों कीं तो आमच्या अंगावर येई. मोठें झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, ती सारी गीताच मुळीं एका संशयानें व्याकुळ झालेल्या माणसाच्या प्रश्नांतून निघाली आहे, आणि श्रीकृष्णानें त्यास रथाखालीं उतरविलें नाहीं. अठरा अध्याय उत्तर दिलें. तेव्हां संशयही दोन जातींचे असले पाहिजेत. एकास उत्तर नकोच असतें. प्रश्नाच्या आडून तो काम टाळीत असतो. दुसरा उत्तराविना जगूं शकत नाहीं, म्हणून खोटें उत्तर घेण्याची त्यास भीति वाटते. हा दुसऱ्या जातीचा संशय आम्हीं आमच्याच घरीं पाहिला आहे.

आमचे वडील बंधु एकोणिसाव्या वर्षीं नोकरीच्या शोधांत घर सोडून गेले. वर्षभर पत्रें आलीं, मग थांबलीं. चौथ्या वर्षीं एक ओळखीचे गृहस्थ दुपारच्या उन्हांत घाम पुशीत आमच्या ओटीवर आले आणि म्हणाले, "तुमच्या दादाला मीं पाहिला; सुखरूप आहे." घरांत एकच आनंद झाला. आत्याबाईंनीं देवापुढें साखर ठेवली, काकांनीं गाडीचें वेळापत्रक काढलें. आई मात्र माजघराच्या दाराआड उभी होती, तिनें तेथूनच विचारलें, "त्याच्या उजव्या कोपरावर भाजल्याचा वण आहे, तो तुम्हीं पाहिलात का?" गृहस्थ म्हणाले, अंगांत पुऱ्या बाह्यांचा सदरा होता. आत्याबाई रागावल्या. "वहिनी, अशा वेळीं तरी शुभ बोलावें," असें त्या म्हणाल्या. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें त्या गृहस्थांस आग्रह करकरून जेवूं घातलें. परंतु साखर तिनें तोंडांत टाकली नाहीं.

वडील परत येईपर्यंत पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत घरांत आईशीं मोकळेपणानें कोणी बोलत नव्हतें. आजी तेवढी रोज तिच्या शेजारीं पाट मांडून बसे आणि आपल्या हातानें तिच्या पानांत भात वाढी. वडील एकटेच परतले. तो मुलगा दुसऱ्याच कोणाचा निघाला. आमचे दादा पुढें कधींच आले नाहींत. ज्या दुधाच्या पातेल्यानें दादांचें कोपर भाजलें तें पातेलें चुलीवर असतांना आई शेजारींच होती, आणि त्या रात्रीं पहाटेपर्यंत फुंकर घालीत तीच बसली होती, हें आम्हांस फार पुढें कळलें. मुलाची खूण म्हणून तिला त्याचा चेहरा किंवा आवाज आठवला नाहीं, तो वण आठवला. थोमानेंही गुरूच्या मुखावरील तेज किंवा एखादा चमत्कार पाहावयास मागितला नाहीं, खिळ्यांचे वण मागितले. ज्याचें प्रेम उथळ असतें त्याला कोणतीही गोड बातमी चालते; ज्यानें दुःख जवळून पाहिलें आहे तो त्या दुःखाचीच खूण विचारतो.

असो. आतां या पुरुषाच्या मागें काय राहिलें तें पाहूं. तिबेरियाच्या सरोवरावर मासे धरणाऱ्या सोबत्यांत योहान त्यास शेवटचा दाखवितो. प्रेषितांच्या कृत्यांत त्याचें नांव एका यादीपुरतें येतें. आणि तेथून पुढें बायबल त्याच्याविषयीं मुकें आहे. पुढची कथा तिसऱ्या शतकांतील 'थोमाचीं कृत्यें' नांवाच्या सुरियानी ग्रंथांत सांपडते. चर्चनें हा ग्रंथ प्रमाण मानलेला नाहीं. त्यांत असें आहे कीं, शिष्यांनीं चिठ्ठ्या टाकून पृथ्वी वांटून घेतली तेव्हां थोमाच्या नांवानें हिंदुस्थान निघाला, आणि तो जावयास तयार होईना. तेव्हां गुरूनेंच त्यास हब्बान नांवाच्या व्यापाऱ्यास सुतार म्हणून विकलें. गोंडोफरस राजानें त्याला वाडा बांधावयास पैसे दिले. थोमानें ते गरिबांस वांटून टाकले आणि आपला वाडा स्वर्गांत बांधला जात आहे असें राजास सांगितलें. राजानें त्यास बंदींत टाकलें. परंतु मरण पावलेल्या राजाच्या भावानें तो वाडा परलोकीं पाहिला आणि तो जिवंत होऊन साक्ष देता झाला.

विद्वान लोक ही सारी भाकडकथा समजत. गोंडोफरस नांवाचा राजा इतर कोठें आढळतच नव्हता. पुढें १९ व्या शतकांत अफगाणिस्तान आणि पंजाब या बाजूस त्याचीं नाणीं सांपडलीं, आणि तख्त-इ-बाही येथील शिलालेखावरून तो इ. स. ४६ च्या सुमारास राज्य करीत होता असें बहुतेक अभ्यासकांनीं ठरविलें. नाण्यांवरून राजा खरा ठरला. थोमा त्याच्या दरबारीं गेला होता हें त्यावरून ठरत नाहीं. परंतु कथा रचणाऱ्यापाशीं खऱ्या काळाची कांहीं आठवण पोंचली होती, एवढें मान्य करावें लागतें.

दक्षिणेची परंपरा निराळी आहे. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती असें मानतात कीं, थोमा इ. स. ५२ मध्यें कोडुंगल्लूरजवळ माल्यंकरा येथें उतरला, त्यानें साडेसात चर्चें स्थापिलीं, आणि इ. स. ७२ मध्यें मैलापुरास त्याचा वध झाला. त्या काळीं तिकडे येणें अशक्य मुळींच नव्हतें. मिऱ्यांच्या व्यापारासाठीं रोमन साम्राज्यांतील गलबतें नैर्ऋत्य वाऱ्यावर मुझिरिस बंदरास येत. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-ग्रंथांत तें बंदर आहे, आणि आपलीं सोपारें व कल्याण हींही आहेत. सहाव्या शतकांत कोस्मास नांवाच्या ग्रीक प्रवाशानें मिऱ्यांच्या देशांत ख्रिस्ती लोक असल्याचें आणि 'कल्लियाना' येथें इराणाहून नेमलेला बिशप असल्याचें लिहून ठेवलें आहे. पुष्कळ अभ्यासक ही कल्लियाना म्हणजे मुंबईजवळचें कल्याणच समजतात. कोल्लम येथील इ. स. ८४९ चे ताम्रपट तर हातांत घेऊन पाहण्यासारखे आहेत. त्यांवर अरबी, पहलवी आणि हिब्रू लिप्यांत साक्षीदारांच्या सह्या आहेत. परंतु पहिल्या शतकापर्यंत नेणारा कागद, ताम्रपट किंवा शिळा यांपैकीं कांहीं नाहीं. ज्यानें ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवावयाचें नाकारलें, त्याचीच स्मृति ऐकीव परंपरेवर उभी आहे!

राजवाड्यांपासून आम्हां मराठी लोकांस अस्सल कागद पुढें आल्याखेरीज मान न डोलावण्याची शिस्त लागली आहे, आणि ती चांगली आहे. तीच घेऊन आम्ही एकदां मैलापुरास गेलों. बरोबर एक केरळी स्नेही होते. जुन्या सुरियानी ख्रिस्ती घराण्यांतले. समुद्रकांठच्या सान थोमे चर्चमध्यें, जमिनीखालच्या लहानशा खोलींत, थडग्यापाशीं आम्ही उभे राहिलों. आजची इमारत १८९६ सालची. परंतु तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याच थडग्याविषयीं लिहितो कीं, यात्रेकरू येथली माती नेऊन तापकऱ्यास देतात. कोणी एक मनुष्य मोरांची शिकार करीत असतां त्याचा बाण चुकून प्रार्थनेस बसलेल्या संतास लागला, अशीही कथा त्यानें ऐकली होती. मैलापूर म्हणजे मोरांचें गांव, तेव्हां ही कथा तेथल्या मातींतलीच दिसते. आम्ही स्नेह्यांस म्हणालों, "चौथ्या शतकांतच एफ्रेम हा सुरियानी कवि या संताच्या अस्थि एदेसा नगरांत असल्याचें सांगतो. पुढें १२५८ सालीं त्या इटलींतील ओर्तोना येथें नेल्या म्हणतात. मग येथें काय आहे?"

ते हंसले. म्हणाले, "पुरावा मागा, जरूर मागा. थोमाच्या थडग्यापाशीं पुरावा मागितल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. पण आमचीं पुस्तकें जाळलीं गेलीं, हेंही आपल्या वहींत टिपून ठेवा."

तें आम्हीं टिपून ठेवलें आहे. केरळच्या या लोकांची उपासना सुरियानी भाषेंत चाले आणि त्यांचे बिशप मेसोपोटेमियाकडून येत. जून १५९९ मध्यें गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांनीं उदयंपेरूर येथें धर्मसभा भरवून त्यांस रोमच्या शिस्तींत आणण्याचें ठरविलें. सभेच्या हुकुमावरून त्यांचे सुरियानी ग्रंथ मागवून घेण्यांत आले. कांहींत दुरुस्त्या केल्या गेल्या, कित्येक अग्नींत टाकले गेले. त्यांत पहिल्या शतकाचा दाखला होता असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु ज्यांचे दप्तर दुसऱ्यानें जाळलें त्यांस 'तुमचे कागद कोठें आहेत?' असें विचारतांना आवाज थोडा खालीं आणावा, एवढें तरी आमच्या शिस्तीनें आम्हांस शिकविलें पाहिजे. त्या सभेनंतर चौपन्न वर्षांनीं, ३ जानेवारी १६५३ रोजीं, मट्टांचेरी येथें त्या समाजानें जेझुइट पाद्र्यांची सत्ता मानणार नाहीं अशी शपथ घेतली. सर्वांचे हात क्रूसापर्यंत पोंचेनात म्हणून त्यास दोर बांधले आणि ते धरून लोक उभे राहिले, असें परंपरा सांगते. त्यानंतर तो समाज दुभंगला, आणि त्याचीं शकलें आजही वेगवेगळीं नांदत आहेत.

ज्या गोव्याहून ती धर्मसभा भरविण्यास मेनेझिश गेले, त्याच गोव्यांत त्या दिवसांत थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेझुइट राहत होता. थोमाचेंच नांव घेऊन तो १५७९ सालीं तेथें आला. लोकांनीं आपली भाषा टाकावी असें न म्हणतां त्यानें स्वतःच मराठी आत्मसात केली, आणि ख्रिस्ताची कथा ओवींत घातली. तें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. एकाच चर्चमध्यें, एकाच काळीं, दोन वाटा होत्या. एकीनें दुसऱ्याचें जुनें पुस्तक अग्नींत टाकलें. दुसरीनें दुसऱ्याच्या भाषेंत नवें पुस्तक लिहिलें. आज मराठी माणूस यांपैकीं कोणाचें नांव आदरानें घेतो, हें सांगण्याची गरज नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं पुढें आम्हांस त्यांच्या गांवीं एका लग्नाच्या निमित्तानें 'मार्गंकळि' दाखविली. बारा जणी पांढरीं वस्त्रें नेसून पेटलेल्या समईभोंवतीं फेर धरतात आणि थोमाची कथा गातात. समई म्हणजे ख्रिस्त, बारा जणी म्हणजे बारा शिष्य. पूर्वीं हा फेर पुरुष धरीत. मार्गम् म्हणजे वाट. शेवटच्या भोजनाच्या रात्रीं ज्या एकानें आम्हांस वाट ठाऊक नाहीं असें म्हणण्याचें धैर्य केलें, त्याच्या नांवाच्या नृत्याला इतक्या दूरच्या किनाऱ्यावर 'वाटेचा खेळ' म्हणतात, हें ऐकून आम्ही कांहीं वेळ मुकाट्यानें बसलों. थोमा त्या वाटेनें केरळांत आला होता कीं नाहीं, याचा निकाल आम्ही देऊं शकत नाहीं. परंतु त्याच्या नांवानें एक समाज हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, याला मात्र ताम्रपट साक्ष आहेत आणि तो फेरही साक्ष आहे.

आमच्या शिकलेल्या घरांतून आज प्रश्न विचारणारीं मुलें पुष्कळ आहेत, आणि त्यांस गप्प बसविणारीं वडील माणसेंही थोडीं नाहींत. उलट बाजूस, घरांतील श्रद्धाळू माणसांस हंसून त्यांची पंक्ति सोडणारे तरुणही आहेत. दोघांनींही त्या आठ दिवसांचा विचार करावा असें आम्हांस वाटतें. दहा जणांनीं आपला आनंद लपविला नाहीं आणि थोमानें आपला संशय लपविला नाहीं. तरी दोघेही एकाच खोलींत राहिले. सबंध शुभवर्तमानांत येशूविषयीं जी सर्वांत मोठी कबुली आहे, ती सर्वांत उशिरा पटलेल्या या शिष्याच्या तोंडची आहे. चौथ्या दिवशीं कोणी त्यास दाराबाहेर घातलें असतें, तर ती कबुली ऐकावयास त्या खोलींत कोणी नसतें.